धंद्यासाठी फुकट सॉफ्टवेअर निवडताय? आधी दहा बिलं टाकून बघा

वागळे इस्टेटला आमचा पॅकिंग मटेरियलचा छोटा गाळा आहे. पुठ्ठ्याचे बॉक्स, बबल रॅप, टेप असलं सगळं, मी आणि नवरा आणि डिलिव्हरीला एक मुलगा, एवढाच कारभार. तरी महिन्यातून दोन-तीन जण विचारतातच की ताई तुम्ही बिलं कशात करता, आम्हाला पण फुकटचं काहीतरी सांगा ना. आणि मी नाव सांगितलं की लगेच मोबाईल काढून डाउनलोडच करायला लागतात. तिथेच मी थांबवते. नाव शेवटी येतं हो, त्याच्या आधी बरंच बघायचं असतं, आणि ते न बघितल्यामुळे आमच्या घरात काय झालं ते आधी सांगते म्हणजे पुढचं पटेल.

माझी धाकटी जाऊ कोपरखैरण्याला घरून मसाले करून विकते. तिने फोनवर एक बिलिंगचं ॲप घेतलं होतं, फुकट होतं, छान चालत होतं, कोणाची उधारी किती ते पटकन दिसायचं. सव्वा वर्षाने एक अपडेट आलं आणि त्यानंतर जुनं सगळं नुसतं बघता येणार, नवीन बिल करायचं तर वर्षाचे पैसे भरा. रक्कम तिच्या धंद्याच्या मानाने जास्त होती म्हणून ती म्हणाली, ताई, आपण डेटा काढून घेऊ आणि दुसरीकडे टाकू. तर डेटा काढायचं बटणसुद्धा पैसे भरल्यावरच चालू होणार होतं. शेवटी तिने आणि मी एकेक नाव उघडून २१४ गिऱ्हाइकांची उधारी वहीत हाताने उतरवली, दिवसभराचं काम आटपून रात्री दहाला बसायचो, आठवडा गेला. त्यात दोन आकडे चुकले आणि एका जुन्या गिऱ्हाइकाशी तिचं वाजलं ते वेगळंच.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. आपला हिशेब त्यातून बाहेर कसा निघतो ते आधी बघायचं, आत काय काय सोयी आहेत ते नंतर.

आता फुकट म्हणजे काय ते नीट समजून घ्या, आपल्या भाषेत त्याला दोन वेगळे शब्द आहेत हे बरंच आहे. फुकट म्हणजे पैसे नाहीत. मुक्त म्हणजे त्या सॉफ्टवेअरचा कोड उघडा आहे, ते कोणीही वापरू शकतो, बदलू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो, आणि बनवणाऱ्या कंपनीने उद्या दुकान बंद केलं तरी तुमच्या कॉम्प्युटरवरची कॉपी चालत राहते. ही मुक्तवाली कल्पना नवीन नाहीये, १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला तिथपासूनची आहे. जाऊचं ॲप फुकट होतं, मुक्त नव्हतं. फुकट पण बंद असलेलं घ्यायचंच नाही असं माझं म्हणणं नाही, आम्ही पण व्हॉट्सॲप बिझनेस वापरतोच, पण ज्यात उधारी आणि बिलं राहणार ते शक्यतो मुक्त घ्या, नाहीतर निदान डेटा बाहेर काढायची सोय फुकटात असलेलं तरी घ्या.

आणि एक तिसरा प्रकार असतो, ‘दादा पाचशे रुपयांत सगळं टाकून देतो’ वाला क्रॅक. ते अजिबात नको, कळकळीने सांगते. कॉपीराइट कायद्यात कलम ६३ब आहे, चोरीची कॉपी आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. शिवाय त्या क्रॅकसोबत व्हायरस आला की बिलांच्या सगळ्या फायली एका रात्रीत लॉक होतात. मुक्त सॉफ्टवेअर हक्काने मिळत असताना कशाला तो घोर लावून घ्यायचा.

बरं, सुरुवात कॉम्प्युटरवर करूच नका, कागदावर करा. आपल्याकडे सकाळी शटर उघडल्यापासून काय काय होतं ते क्रमाने लिहा. आमचं असं निघालं: व्हॉट्सॲपवर भाव विचारतात, कोटेशन जातं, मग चलनावर (मालासोबत जाणारी पावती, बिल नव्हे) माल जातो, बिल कधी लगेच होतं कधी महिन्याच्या शेवटी चार-पाच चलनांचं एकत्र, मग वसुली, मग सीए मॅडमना फाइल. हे लिहून काढल्यावर कळलं की आम्हाला त्रास बिलाचा नव्हताच, कुठल्या चलनाचं बिल झालं आणि कुठल्याचं राहिलं हा घोळ होता, आणि त्यात खरोखर पैसे बुडत होते. म्हणजे आम्ही नुसतं सुंदर बिल छापणारं काहीतरी घेतलं असतं तर प्रॉब्लेम आहे तिथेच राहिला असता. तुमचं काहीतरी वेगळं निघेल, कोणाचा स्टॉक जुळत नाही, कोणाला कारागिरांच्या आगाऊ रकमा लक्षात ठेवायच्या असतात. ते एक दुखणं शोधा आणि त्यावर सॉफ्टवेअर बघा.

दुसरं काम, सीएंना फोन करा. त्यांना विचारा, तुम्हाला दर महिन्याला माझ्याकडून कशात काय पाहिजे? आमच्या मॅडम म्हणाल्या, “मला तुमचं सॉफ्टवेअर कुठलं का असेना, पार्टीचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, एचएसएन म्हणजे मालाचा कोड नंबर आणि टॅक्स वेगवेगळ्या रकान्यात असलेली एक एक्सेल फाइल १ ते ५ तारखेच्या आत द्या.” विक्रीचं रिटर्न महिन्याला भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख ११ असते म्हणून त्यांची घाई. हे एवढं कळलं की निम्मी सॉफ्टवेअरं आपोआप बाद होतात, कारण ती नुसती पीडीएफ देतात.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर अजून एक. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक एंट्री कधी बदलली त्याची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. प्रोप्रायटरी किंवा साध्या भागीदारीला हा नियम लागत नाही, पण कंपनी असेल तर सीएंना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता मुख्य काम, दहा बिलांची परीक्षा. एक रविवार दुपार मोकळी ठेवा. जे सॉफ्टवेअर डोक्यात आहे ते कंपनीच्या किंवा संस्थेच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिरात म्हणून जे येतं त्यावर क्लिक करू नका, तिथे नकली साइटी असतात. मग गेल्या महिन्यातली खरी दहा बिलं त्यात टाका, काल्पनिक नाही, खरी, कारण काल्पनिक बिलात आपण सोपंच टाकतो. त्यात एक बिल परराज्यातल्या पार्टीचं घ्या म्हणजे आयजीएसटी बरोबर लागतो का कळेल, एक दोन वेगवेगळ्या रेटच्या मालाचं, एक रद्द झालेलं, एक माल परत आलेलं, आणि एका गिऱ्हाइकाचं नाव मुद्दाम मराठीत टाका.

मग एक गोष्ट आठवणीने करा, मालाचा जीएसटी रेट बदला आणि जुनं बिल परत उघडून बघा. हे मी का सांगते ते ऐका. आधी आम्ही बिलं लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्येच, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यात करायचो, एका शीटवर रेट आणि बिलाच्या शीटवर तो रेट उचलणारा व्हीलुकअपचा फॉर्म्युला. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे रेट बदलले, पुठ्ठ्याचे बॉक्स १२ वरून ५ टक्क्यांवर आले, मी रेटच्या शीटवर १२ चे ५ केले आणि कामाला लागले. पुढच्या आठवड्यात मॅडमनी ऑगस्टचं एक बिल मागितलं. ते २०० बॉक्सचं होतं, १८ रुपयाने ३,६०० चा माल, १२ टक्क्याने ४३२ टॅक्स धरून ४,०३२ रुपये पार्टीने भरलेले. फाइल उघडली तर बिल ३,७८० चं. एकदम पोटात गोळा आला. एका आकड्याने मागची सगळी बॉक्सची बिलं बदलून बसली होती. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफ होत्या म्हणून निभावलं, दोन दिवस त्या बघून सगळं पूर्ववत केलं. म्हणून सांगते, एकदा झालेलं बिल नंतर आपोआप बदलता कामा नये, ज्यात बदलतं ते सॉफ्टवेअर बिलासाठी नाही. आणि कशातही करा, बिल झालं की त्याची पीडीएफ त्याच मिनिटाला वेगळ्या फोल्डरमध्ये टाका.

त्यानंतर डेटा बाहेर काढून बघा. सीएसव्ही किंवा एक्सेल असं काहीतरी बटण असेल, ती फाइल लिबरऑफिसमध्ये उघडा. सीएसव्ही उघडताना एक खिडकी येते, लोक तिथे न बघता ओके मारतात, ते करू नका. वर कॅरेक्टर सेट असतो तिथे यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी नावांची चित्रविचित्र चिन्हं होतात आणि मग लोक म्हणतात सॉफ्टवेअर मराठी घेत नाही. आणि खाली जे रकाने दिसतात त्यातला एचएसएनचा आणि फोन नंबरचा रकाना निवडून त्याचा प्रकार टेक्स्ट करा. जाऊच्या हळदीचा एचएसएन ०९१० आहे, टेक्स्ट केलं नाही की पुढचं शून्य उडून ९१० राहतो आणि रिटर्नला एरर येते. आता दहा बिलांची बेरीज कॅल्क्युलेटरवर करा आणि फाइलशी जुळवा. रुपया-दोन रुपयाचा फरक आला तर राउंडिंग कुठे होतंय ते बघा, प्रत्येक ओळीला होतंय का शेवटी एकदा.

शेवटी बॅकअप घ्या, आणि नुसता घेऊन थांबू नका, तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवा, स्वतःलाच. शेजाऱ्याचा लॅपटॉप तासभर मागा. ज्यांच्याकडे बॅकअप असतो पण कधी उघडून बघितलेला नसतो अशी मंडळी मी आमच्याच लेनमध्ये किती बघितली. आणि इंटरनेट काढून बघा, आमच्याकडे पावसात लाइन गेली की अर्धा दिवस येत नाही, त्या वेळी टेम्पो दारात उभा असतो आणि बिल निघालं पाहिजे.

हे सगळं झाल्यावर नावं. आमच्याकडे काय चालतं ते सांगते.

पत्रं, कोटेशन, पगार, स्टॉकचे तक्ते यासाठी लिबरऑफिस, डोळे झाकून घ्या. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून हे वेगळं निघालं, आता काम जोरात ह्याच्यावर होतं, त्यामुळे दोन्ही नावं दिसली तर लिबरवालंच घ्या. मेनू मराठीत पण करता येतो. दुसऱ्याला फाइल पाठवायची तर सेव्ह करताना एक्सेल किंवा वर्डचा प्रकार निवडा, म्हणजे समोरच्याला उघडते. आमच्या चलनाचा घोळ पण ह्याच्यातच सुटला, एक रजिस्टर केलं, चलन नंबर, तारीख, पार्टी, माल आणि शेवटचा रकाना बिल नंबरचा. शनिवारी फिल्टर लावून ज्यांचा बिल नंबर रिकामा आहे तेवढी चलनं काढते. एवढंच. त्याला कुठलं ॲप लागलं नाही.

बिलं आणि खतावणीसाठी आम्ही फ्रापे बुक्स घेतलं. हे आपल्या मुंबईतल्याच कंपनीचं आहे, मुक्त आहे, कॉम्प्युटरवर बसतं, इंटरनेट लागत नाही आणि सगळा हिशेब एका फाइलमध्ये राहतो, ती फाइल उचलली की बॅकअप झाला. ह्याच लोकांचं मोठं भावंड म्हणजे ईआरपीनेक्स्ट, त्यात विक्री, खरेदी, स्टॉक, उत्पादन, पगार सगळं येतं आणि जीएसटीसाठी वेगळं ॲप जोडता येतं. रबाळे-महापेला ज्यांचं पंधरा-वीस माणसांचं युनिट आहे, कच्चा माल आणि जॉबवर्क सांभाळायचं आहे, त्यांनी नक्की बघावं. पण ते सर्व्हरवर चालतं, तो लावायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो, त्याचे पैसे लागतात, म्हणजे सॉफ्टवेअर मुक्त असलं तरी खर्च शून्य नाही. दोन माणसांच्या गाळ्याला ते घेऊ नका, आम्ही महिनाभर प्रयत्न करून सोडलं. ग्नूकॅश पण चांगलं आहे, जमा-नावे पक्कं शिकायचं असेल तर फारच चांगलं, पण आपल्या जीएसटी रिटर्नचे तक्ते त्यात तयार मिळत नाहीत, त्यामुळे घरखर्च आणि छोटी संस्था किंवा सोसायटीसाठी मी ते सुचवते. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल लागतं, तेव्हा हे सगळं बाजूला ठेवून आधी तेच विचारा.

लेबल आणि जाहिरातीसाठी इंकस्केप आणि फोटो साफ करायला गिंप. जाऊच्या मसाल्याच्या पाकिटांची लेबलं मी इंकस्केपमध्ये केली. प्रेसवाले म्हणतात कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल द्या, त्यांना पीडीएफ चालते का विचारा, बहुतेक वेळा चालते. पण त्याआधी सगळा मजकूर निवडून ऑब्जेक्ट टू पाथ करा. पहिल्या वेळी मी हे केलं नाही आणि प्रूफमध्ये ‘गरम मसाला’ नीट आला पण ‘स्वयंपाक’मधला जोडाक्षराचा अर्धा स सुटा होऊन पाय मोडलेला आला, कारण त्यांच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता. पाथ केलं की अक्षरं चित्र होतात, मग मोडत नाहीत. मजकूर बदलता येणारी मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा. फॉन्टचं पण लायसन बघायचं असतं हे लोकांना माहीतच नसतं, पाकिटावर छापायला मुक्ता आणि बलू हे दोन घ्या, ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्टवाल्यांनी केलेत, मराठी जोडाक्षरं सुरेख आहेत आणि धंद्याला वापरायची परवानगी आहे.

जुना कॉम्प्युटर असेल तर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून लगेच भंगारात देऊ नका. लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मुक्त सिस्टिम, पेन ड्राइव्हवर टाकून, इन्स्टॉल न करताच आधी चालवून बघा. त्यात तुमचा बिल प्रिंटर आणि बारकोड प्रिंटर चालतो का तेवढं तपासा, अडतं ते तिथेच. जीएसटीचं रिटर्नवालं ऑफलाइन टूल विंडोजवरच चालतं, म्हणून रिटर्न स्वतः भरत असाल तर एक मशीन विंडोजचं राहू द्या. सीए भरत असतील तर प्रश्न नाही.

बॅकअपचं परत सांगते कारण ठाण्यात आपल्याला पावसाचा अनुभव आहे. २६ जुलै २००५ ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. सीपीयू जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा. रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी एक कॉपी पेन ड्राइव्हवर, तो पेन ड्राइव्ह नवऱ्याच्या खिशातून घरी येतो, आणि आठवड्यातून एक कॉपी ऑनलाइन ड्राइव्हवर पासवर्ड लावून. जीएसटीत हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात, म्हणजे सहा वर्षं, आणि तेवढ्या काळात कॉम्प्युटर एकदा तरी जातोच. पासवर्डसाठी कीपासएक्ससी आहे, मुक्तच आहे, वहीच्या मागच्या पानावर लिहिण्यापेक्षा बरं.

कोणाला विचारायचं हा प्रश्न राहतोच, रात्री नऊला बिल अडलं तर फोन कोणाला करणार. पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरला माणूस येतो, इथे तसा कोणी येत नाही. म्हणून आमच्या लेनमधल्या तिघांनी मिळून एकच सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं, एकाला अडलं की दुसरा सांगतो. तुम्ही पण शेजारीपाजारी कोण काय वापरतं ते बघा, थोडं कमी सोयीचं असलं तरी शेजारी वापरतो ते घ्या. आणि वर्षाला जे पैसे वाचले त्यातले थोडे त्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना द्या, लिबरऑफिसला देणगी देता येते, आम्ही दिवाळीत देतो.

बदल करायचा तर १ एप्रिलला करा, वर्षाच्या मध्ये नको. बिलांची नवीन मालिका सुरू करा, नंबर १६ अक्षरांच्या आत बसला पाहिजे आणि वर्षात परत येता कामा नये. ३१ मार्चची प्रत्येक पार्टीची बाकी नवीनमध्ये टाका आणि पार्टीला व्हॉट्सॲपवर पाठवून ‘बरोबर आहे’ असं उत्तर मागून घ्या, वाद नंतर होत नाहीत. एप्रिलभर जुन्यात आणि नवीनमध्ये दोन्हीकडे एंट्री मारा, कंटाळा येतो, मला पण आला, पण ३० तारखेला दोन्हीकडची विक्रीची बेरीज जुळली की जुनं बंद करा. नाही जुळली तर मे महिना पण दोन्हीकडे मारा.